वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरून शहराचे वय ओळखावे कसे?

गेल्या अंकात जुन्या ठाण्यातील पायी फेरीविषयी दोन पाने लिहिली, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण बहुतेकांच्या मनातला प्रश्न तोच आहे.

प्रश्न : मी नुकताच सेवानिवृत्त झालो असून पन्नास वर्षे नौपाड्यात राहतो. नात सातवीत आहे, तिच्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास आहे, आणि तो तिला आपल्याच गावात दाखवावा अशी इच्छा आहे. पण जुने वाडे पडले आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. आता पाहण्यासारखे उरले तरी काय, आणि फेरी कोठून सुरू करावी? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : घरापेक्षा रस्ता दीर्घायुषी असतो, ही गोष्ट आधी नातीला सांगा. वाडा पाडून त्या जागी सात मजली इमारत उभी राहिली, तरी तिच्यासमोरची आळी जेथे वळत होती तेथेच आजही वळते. आळीची कड म्हणजे समोरासमोरच्या पंधरा-वीस मालकांच्या जागांची हद्द असते, आणि ती सगळी एकाच दिवशी पुसणे कोणालाही जमत नाही. त्यामुळे फिरताना नजर सज्जांवर आणि कमानींवर खिळवून ठेवू नये. जमिनीचा चढ-उतार, रस्त्याचे अरुंद होणे, विनाकारण वाटणारे वळण, आणि सगळे रस्ते ज्या एका बाजूला तोंड करून उतरतात ती बाजू, या चार गोष्टी टिपाव्यात.

आता सुरुवात कोठून करावी? स्टेशनवरून निघण्याचा मोह आपल्या सर्वांनाच होतो, कारण आपण गावात तेथूनच शिरतो. परंतु बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि तोपर्यंत या गावाचे वय निदान आठशे वर्षांचे झालेले होते. गावात शिरण्याची वाट तेव्हा खाडीतून होती. म्हणून महागिरीच्या बाजूने, खाडीला पाठ करून चालायला लागा. असे उभे राहिले की जुन्या ठाण्याची मांडणी उलगडते : मागे बंदर, एका हाताला किल्ला, समोर बाजारपेठ, बाजाराच्या टोकाला देऊळ आणि देवळापाशी तलाव. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचे वर्णन लिहिले, त्यात कातड्याचा व सुती कापडाचा व्यापार आहे आणि या किनाऱ्यावरच्या चाचेगिरीची तक्रारही आहे. म्हणजे त्याला दिसलेले ठाणे समुद्राकडे तोंड करून बसलेले होते. महागिरीहून बाजाराकडे येणारे बोळ आज कितीही कोंदट वाटले, तरी त्यांची दिशा त्या काळच्या मालवाहतुकीशी जुळणारी आहे, असे मला अनेक फेऱ्यांनंतर वाटू लागले आहे.

किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. त्याच्या तटाशेजारून रोज हजारो माणसे कळव्याकडे जातात, आणि आपण किल्ल्याला वळसा घालत आहोत हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या साष्टीच्या (ज्या बेटावर ठाणे वसले आहे त्या बेटाच्या) मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा तो अपुराच होता. आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर तो इंग्रजांच्या हाती गेला. नातीच्या पुस्तकातला काळ नेमका येथे सापडतो. पुढचा काळही याच भिंतींनी पाहिला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून येथूनच निसटले. १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथेच फाशी दिले गेले. कारागृह चालू असल्यामुळे बाहेरूनच पाहावे लागते आणि छायाचित्रे काढू नयेत. पण थोडे थांबून नातीला रस्त्याचा वळसा दाखवा, कारण किल्ल्याला बगल देऊन रस्ते आखले गेले की तो बाक पुढे शतकानुशतके तसाच राहतो.

याच किल्ल्यात १७८७ मध्ये पाया खोदताना ताम्रपट सापडले. ते उत्तर कोकणचे शिलाहार राजे अरिकेसरी यांचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे दानपत्र आहे, आणि त्यात या गावाचे नाव श्रीस्थानक असे येते. वर मी आठशे वर्षे म्हणालो त्याला हाच आधार. मजुराची पहार अचानक तांब्याच्या पत्र्यावर आदळावी आणि गावाला आपले हजार वर्षांपूर्वीचे नाव परत मिळावे, याहून मोठी गोष्ट ठाण्याच्या मातीने दिली असेल असे मला वाटत नाही.

बाजारपेठेतून पुढे आलात की कौपीनेश्वर. शिलाहारांच्या काळाशी त्याचा संबंध सांगितला जातो. आजच्या मंदिराची उभारणी १७६० मध्ये मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली. मंदिराच्या दारातून बाहेर पडून मासुंदा तलावाकडे बघा आणि 'तलावपाळी' हा शब्द नातीकडून सावकाश उच्चारून घ्या. पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. ज्या काठावर आपण संध्याकाळी भेळ खातो, त्याचे नावच सांगते की हे पाणी माणसांनी बांध घालून सांभाळले. देऊळ, पाणी आणि बाजार ही तिन्ही एकमेकांना खेटून असणे हा जुन्या गावाचा खात्रीचा पुरावा समजावा.

तलावाजवळच पोर्तुगीज काळातली परंपरा सांगणारे संत जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. तेथून टेंभी नाक्यापर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात मुनिसुव्रत स्वामींचे जैन मंदिर, पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायल समाजाचे १८७९ चे शाआर हशामाईम हे प्रार्थनामंदिर लागते. त्या नावाचा अर्थ 'स्वर्गाचे द्वार'. इतक्या समाजांनी इतक्या लहान जागेत प्रार्थनास्थळे बांधली, त्याअर्थी कचेऱ्या, व्यापार आणि बंदर यांच्या ओढीने माणसे येथे येऊन राहिली होती. देवळापेक्षा देवळांचे शेजार पाहा, असे मी नेहमी सांगतो.

येथून खारकर आळीत शिरा आणि वेग अगदी कमी करा. आठ-नऊ वर्षांपूर्वी या भागात एका पडक्या घराच्या मागे मी एका विहिरीचा काठ पाहिला होता. काळा दगड, वीतभर रुंद, आणि त्याच्या आतल्या कडेवर शेजारीशेजारी नऊ खाचा. सर्वांत खोल खाचेत माझा अंगठा निम्म्यापर्यंत बसला. तळाशी दगड इतका गुळगुळीत झाला होता की बोट घसरत होते. काथ्याचा ओला दोर रोज तेथून वर-खाली होऊन ते झाले होते. पाणी शेंदणाऱ्या किती पिढ्यांचे हात त्या एका दगडात होते! त्या जागेचा पुनर्विकास ठरला तेव्हा निदान हा दगड बाजूला ठेवावा, अशी विनंती मी केली आणि होकारही मिळाला. महिन्याभराने गेलो तर तेथे मुरूम दाबलेला होता आणि राडारोड्याबरोबर दगडही गेलेला होता. माझ्याजवळ त्याचे एक अंधूक छायाचित्र उरले आहे, मापे उरली नाहीत, आणि ती त्याच दिवशी घेतली नाहीत याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून नातीच्या हाती एक वही आणि मोजपट्टी द्या. जे पाहाल त्याची जागा, तारीख आणि माप त्याच क्षणी उतरवून ठेवा.

परतीच्या वाटेवर नौपाड्यात आलात की फरक तिचा तिलाच कळेल. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, जागा आखीव आहेत आणि सर्वांची ओढ स्टेशनाकडे आहे. ही विसाव्या शतकातली, नोकरदारांची वस्ती. तुमचे स्वतःचे घरही त्याच गोष्टीचा भाग आहे हे तिला आवर्जून सांगा.

वय ओळखायला दोन सोप्या खुणा आहेत. जुन्या कोनशिलेवर किंवा लोखंडी झाकणावर 'नगरपालिका' असे असेल तर ती वस्तू १ ऑक्टोबर १९८२ च्या आधीची समजावी, कारण त्या दिवशी ठाण्यात महानगरपालिका आली. आणि इंग्रजी पाटीवर ठाण्याचे स्पेलिंग 'ए' या अक्षराने संपत असेल, तर पाटी बहुधा १९९६ पूर्वीची. त्या वर्षी अधिकृत स्पेलिंग बदलून शेवटी 'ई' आला.

घरी आल्यावर वहीतल्या नोंदी तपासायला मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. १८८२ चे जिल्हा गॅझेटिअर पाहावे, आणि एखाद्या जागेची हद्द नेमकी हवी असेल तर नगर भूमापन कार्यालयातला नकाशा व मालमत्ता पत्रक पाहावे. नकाशावरची वाकडी रेघ आणि तुम्ही चाललेले वळण जुळले की जो आनंद होतो, तो सातवीतल्या मुलीला आयुष्यभर पुरेल.

प्रश्न : आमच्या पाचपाखाडीचे नाव पाच पाखाड्यांवरून पडले, असे वडील सांगत. चरई, उथळसर, टेंभी नाका या नावांच्याही अशाच कथा ऐकल्या आहेत. त्यांवर कितपत विश्वास ठेवावा? — एक वाचिका, पाचपाखाडी

उत्तर : विश्वास ठेवावा, पण साक्षीदारावर ठेवतात तसा, उलटतपासणी करून. नाव पुष्कळदा खरे बोलते. त्याचा अर्थ सांगणारा मात्र आपल्या कल्पनेने त्यात भर घालतो.

पाखाडी या शब्दाचे दोन अर्थ कोकणात चालतात : दगडांनी बांधलेली पायवाट, आणि गावाची एक वाडी. साष्टीतल्या वांद्र्यापर्यंतच्या जुन्या गावठाणांत वस्तीच्या भागांना पाखाडी म्हणण्याची रीत होती, त्यामुळे तुमच्या वडिलांचे म्हणणे भाषेच्या बाजूने पूर्ण सुसंगत आहे. पुढचे काम तुमचे : गावठाणात जुनी घरे असलेली कुटुंबे गाठा आणि 'पाच पाखाड्या कोणत्या?' असा प्रश्न न विचारता 'तुमच्या आजीच्या तोंडी या भागाला काय म्हणत?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाने आपण उत्तर माणसाच्या तोंडात घालतो. दुसऱ्या प्रश्नाला तीन वेगवेगळ्या घरांतून तेच नाव आले, तर ते वहीत घेण्याजोगे.

टेंभी म्हणजे लहानसा उंचवटा, आणि हे तपासायला पावसाळ्यातला एक दिवस पुरतो. जोराच्या सरीत छत्री घेऊन टेंभी नाक्यावर उभ्या राहा आणि पाणी कोणीकडे धावते ते पाहा. नाका हा शब्द जकातीच्या किंवा पहाऱ्याच्या ठिकाणाचा, म्हणून ज्या काळी नाव पडले त्या काळी गावाची वर्दळ तेथे अडवून मोजली जात असावी, हा तर्क करता येतो. चरईचा संबंध चराईशी आणि उथळसरचा उथळ तळ्याशी जोडणे कानाला गोड लागते. जुन्या कागदात तसे रूप मिळेपर्यंत मी ते तर्क म्हणूनच लिहीन.

एक प्रकार मात्र पूर्ण भरवशाचा आहे. रिक्षावाल्याला आपण 'नितीन कंपनी', 'कॅडबरी', 'गोल्डन डाइज' असे सांगतो. ही कारखान्यांची नावे चौकांना चिकटली ती आपल्या डोळ्यांदेखत. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वागळे इस्टेट भरभराटीला आली, आणि पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराने बसच्या वाहकाला जे सांगितले तेच थांब्याचे नाव झाले. त्यांतल्या काही भोंग्यांचा आवाज थांबून वर्षे लोटली. त्या पाळ्यांना गेलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांना आत्ताच विचारायला हवे. व्युत्पत्तीच्या शोधापेक्षा हे काम अधिक तातडीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्ही कोपरखैरणे येथे राहतो. ठाण्याला हजार वर्षांचा इतिहास आहे, आमच्याकडे फक्त सेक्टरांचे आकडे. नियोजित शहरात असे काही शोधण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आहे, आणि तो शोधायला तुम्हाला ठाणेकरांपेक्षा कमी चालावे लागेल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायचे ठरले. गावे पुसली गेली नाहीत. सेक्टरांच्या मधोमध त्यांची गावठाणे तशीच राहिली. रुंद, सरळ रस्त्यावरून चालताना एखाद्या ठिकाणी रस्ता एकदम अरुंद होतो, वाकतो, कोपऱ्यावर गावदेवी किंवा मारुती लागतो आणि घरांच्या ओट्यांची उंची बदलते. तेथे तुम्ही गावाची जुनी शीव ओलांडलेली असते.

गावठाण आणि सेक्टर यांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी दाटीने उभ्या असलेल्या इमारतींचा पट्टा दिसतो. लोक त्याला सरळ 'साडेबारा टक्के' म्हणतात. या दोन शब्दांमागे प्राणांचे मोल आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई परिसरात आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंडांची ती दाटी हा या शहराचा सर्वांत प्रामाणिक शिलालेख आहे, आणि त्याच्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणाऱ्यांनी ही हकीकत जाणून घ्यावी.

पाण्याची खूणही पाहा. हा सगळा भाग खाजणांचा, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीचा. आगरी शेतकरी मातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवत आणि बांधातल्या उघाडीतून, म्हणजे उघडझाप करता येणाऱ्या दारातून, पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी सोडून देत. सिडकोने ठिकठिकाणी जे धारण तलाव बांधले, त्यांचे काम याच तत्त्वावर चालते : भरतीला झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला ते खाडीत जाते. तुमच्या घराजवळच्या धारण तलावावर भरतीच्या आणि ओहोटीच्या अशा दोन्ही वेळा जा. आणि शेजारच्या गावातल्या एखाद्या वृद्ध आगरी बाबांना बरोबर न्या. बांध कोठून जात होता हे ते हाताने दाखवतील, आणि त्यांनी दाखवलेल्या रेषेवर आज एखादा रस्ता निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

प्रश्न : आमच्या गावठाणात देवळाबाहेर शेंदूर लावलेला उभा दगड आहे. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य आणि खाली प्राण्याची आकृती वाटते. रस्ता रुंद होणार असल्याने तो हलवला जाईल अशी भीती आहे. काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : वर्णनावरून तो गद्धेगाळ असण्याची शक्यता आहे. शिलाहारांच्या काळात कोकणात दानपत्राबरोबर असे दगड उभे करत. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकावे हा वरच्या खुणेचा अर्थ, मधल्या भागात लेख, आणि दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी खाली गाढवाच्या शिल्पात कोरलेली. ती शिवी ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही समजावी, म्हणूनच चित्र. चंद्र-सूर्य वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवरही असतात, त्यामुळे खाली घोडा किंवा लढाईचे दृश्य नाही ना, हे आधी नीट पाहा.

दगड स्वतः हलवू नका आणि कोणाला हलवू देऊ नका, कारण तो कोणत्या जमिनीच्या हद्दीवर उभा आहे यातच त्याची निम्मी माहिती असते. शेंदूर खरवडू नका; त्याखाली अक्षरे असतील तर ती खरवडण्याने जातात, आणि ज्यांचा तो देव आहे त्यांचे मनही दुखावते. जिल्हाधिकारी कार्यालय, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय आणि रस्त्याचे काम करणारी यंत्रणा या तिघांना एकाच मजकुराचे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. खोदकामात अशी जुनी वस्तू जमिनीतून निघाली, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक असते, हेही ठेकेदाराच्या कानावर घाला.

छायाचित्रे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना काढा. दुपारच्या उन्हात उथळ कोरीव काम दिसतच नाही. दगडाला टेकवून एक फूटपट्टी ठेवा, चारही बाजू घ्या, आणि एक छायाचित्र दूरून असे घ्या की त्यात देऊळ, दगड आणि रस्ता तिन्ही एकत्र येतील.